चाळीस पायांचा कारकून

बँकेच्या काउंटरवर बसलेला माणूस काम करतो, ही एक जुनी अफवा आहे. काम करण्याच्या इराद्यानं तो सकाळी खुर्चीत बसतो, इथपर्यंत ती खरी. पण त्यानं पहिलं व्हाउचर पुढ्यात ओढलं, की काचेच्या भोकातून आवाज येतो, "अहो, जरा..." हा 'अहो, जरा' पासबुक छापून मागतो. तो निघतो न निघतो तोच आतून साहेबांची बेल वाजते. साहेबांकडून परत येईतो फोन कोकलत असतो. फोन ठेवला की शेजारचा सहकारी विचारतो, "पाचशेचे सुटे आहेत का रे?" या सगळ्या हाकांना ओ देऊन माणूस पुन्हा त्या पहिल्या व्हाउचरकडे येतो. तेव्हा आपण कुठल्या रकान्यात होतो हे त्याला आठवलं, तर तो चांगला कारकून. नाही आठवलं, तर त्याला लवकरच बढती मिळते.

या प्रकाराला काही शास्त्रीय नाव असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बी.कॉम.च्या पुस्तकांत तरी ते नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले त्याला इंटरप्ट म्हणतात. बोटभर लांबीची, काळ्या रंगाची, चाळीस पायांची एक चिप हे हाकेला ओ देण्याचं काम आमच्यापेक्षा चोख करते, आणि तेही महागाई भत्ता न मागता. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. माझ्या भाच्याचं पोट तिच्यावर आहे. आणि भाच्याच्या कर्जाला मी जामीन असल्यामुळे माझी झोपही तिच्यावर आहे.

जामीन म्हणजे काय चीज असते हे ज्यानं काउंटरच्या आतल्या बाजूनं वीस वर्षं पाहिलंय, तो सहसा कुणाला जामीन राहत नाही. पण बहिणीनं राखीपौर्णिमेचा मुहूर्त साधून दुसऱ्या एका बँकेचा फॉर्म पुढे केला. तबकात घालायला माझ्याजवळ सहीपेक्षा मोलाचं काही नव्हतं. मी सही घातली.

भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यानं अर्धी शेड भाड्यानं घेतली आहे. उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाचे टॉवेलचे गठ्ठे असतात. तिथं गेलं की एका नाकपुडीत सोल्डरचा धूर आणि दुसरीत कापसाचे तंतू जातात. ही एमआयडीसी दिसण्याच्या आधी ऐकू येते. रस्त्यावरून चालायला लागा, की दोन्ही बाजूंच्या शेडांतून 'खट्याक्-खट्याक्' सुरू. सोलापूरचे टॉवेल आणि चादरी या आवाजातून जन्माला येतात. बाहेरच्या माणसाचं त्यानं डोकं उठतं. आमच्या गावात तो आवाज थांबला की डोकं उठतं.

कापड आणि वेळ यांचं सोलापुरात जुनं नातं आहे. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी घड्याळ डोळ्यांनी बघितलंच नाही, कानांनी ऐकलं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा घेऊन निघायचं. आता त्या मोठ्या गिरण्याही नाहीत आणि त्यांचे भोंगेही नाहीत. कापड मात्र यंत्रमागांवर येऊन टिकलं, आणि इथली चादर नि टॉवेल भौगोलिक मानांकन घेऊन बसले. चादरीवर नक्षी उठवणारा जॅकार्ड फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकारनं १८०४ साली आणला. भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकतात. भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथला नाही. हीच युक्ती पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे कॉम्प्युटरचा आजा मागावर बसलेला होता. भाचा हे कर्जाच्या अर्जात लिहिणार होता. मी थांबवलं. बँकेच्या मॅनेजरला आजोबांपेक्षा तारण जास्त आवडतं.

तर भाच्याला पहिली ऑर्डर मिळाली ती एका टॉवेलवाल्या शेठची. आधी एका मागाला पेटी लावून दाखवायची. चालली तर बाकीच्या मागांना. पेटीनं कामं दोनच करायची. एक, मागाचे पिक मोजायचे. दोन, पाळीचे आठ तास झाले की भोंगा वाजवायचा. पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला की झाला एक पिक. समजा एका टॉवेलला अडीच हजार पिक लागतात आणि माग मिनिटाला सव्वाशे पिक टाकतो, तर न थांबता चालल्यास आठ तासांत साठ हजार पिक, म्हणजे चोवीस टॉवेल. हे गणित शेठनी तोंडी केलं. कागद फक्त कामगाराला दाखवण्यापुरता लागतो.

चिप ८०५१ च्या घराण्यातली. हे घराणं इंटेल कंपनीनं १९८० साली काढलं, आणि पुढे इतर कंपन्यांनीही त्याच वंशाच्या चिपा केल्या. हिशोब करणारा, कागद सांभाळणारा, घड्याळ बघणारा आणि दार उघडणारा हे सगळे तिच्या एकाच अंगात असतात, एकशिक्षकी शाळेसारखे. चाळीस पायांपैकी बत्तीस पाय बाहेरच्या जगाशी बोलायला. उरलेले वीज घ्यायला, घड्याळाचा स्फटिक जोडायला आणि अशाच घरगुती कामांना.

पेटी लावली. आठ तास झाले. भोंगा वाजला नाही.

भाच्यानं पेटी शेडवर आणली. भोंगा बाजूला काढून त्यानं त्या पायावर मीटर धरला. प्रोग्राम म्हणत होता, 'वाजव'. पाय म्हणत होता, 'बघू'. तेव्हा मला कळलं ते असं : या चिपेचे बत्तीस पाय आठ-आठांच्या चार रांगांत असतात. त्यांतली 'पोर्ट शून्य' नावाची रांग विचित्र. तिच्या पायांना खाली बसता येतं, पण स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही. शून्य दे म्हटलं की देतात. एक दे म्हटलं की हात सोडून मोकळे होतात आणि तार अधांतरी लोंबते. त्यांना उभं करायचं तर पाच व्होल्टला बांधलेला एक रेझिस्टर बाहेरून जोडावा लागतो. त्याचं नाव पुल-अप.

"म्हणजे मामा, ज्याची स्वतःची ताकद नाही त्याला बाहेरून कुणीतरी..." भाचा समजावून सांगायला लागला.

"कळलं," मी म्हटलं. "जामीनदार."

बाकीच्या तीन रांगाही काही कर्णाचे अवतार नव्हेत. पाय खाली ओढताना एकेक पाय दहा मिलिअँपिअरपर्यंत वीज पोटात घेतो. वर उभा राहून द्यायची वेळ आली, की एका मिलिअँपिअरचा बारीकसा अंश देतो. घेताना मोकळा आणि देताना आखडता हात असलेले खातेदार मला चेहऱ्यानं ओळखीचे आहेत. चिपेत ते भेटतील असं वाटलं नव्हतं.

जामीनदार जोडल्यावर भोंगा वाजू लागला. इतका, की वीज जाऊन परत आली की भलत्या वेळी वाजे. कारण या चिपेला जाग आली की तिचे बत्तीसही पाय आधी उभे राहतात, आणि मग प्रोग्राम एकेकाला खाली बसवतो. साहेब आत आल्यावर सगळी शाखा उभी राहते तशी. तेवढ्या क्षणात भोंगा आपली हौस भागवून घेई आणि पाच-सहा कामगार डबे उचलून निघत. शेवटी भाच्यानं जोडणी उलटी केली : पाय बसला की भोंगा वाजणार, उभा असला की गप्प. गंमत म्हणजे या उलट्या जोडणीत जामीनदाराची फारशी गरजच उरली नाही. तरी भाच्यानं त्याला काढलं नाही. बँकेतही गरज संपली म्हणून जामीनदार सुटत नाही.

पाय सुधारले तसं घड्याळ बिघडलं. सकाळी सातची पाळी. भोंगा दुपारी तीनला व्हायचा तो झाला संध्याकाळी पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी. शेठ खूश. आठ तासांच्या पगारात साडेदहा तास काम करून घेणारं यंत्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. कामगार मात्र असल्या शोधांच्या विरुद्ध असतात. दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांनी भोंग्याची वाट न बघता माग बंद केले.

भाच्याचा पहिला संशय स्फटिकावर. चिपेचं घड्याळ स्फटिकाच्या ठोक्यांवर चालतं. प्रोग्राम १२ मेगाहर्ट्झचा धरून लिहिलेला, आणि दुकानात त्याच्याच शेजारच्या खणात ११.०५९२ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. चुकून तोच बसला असेल, असं त्याचं म्हणणं. इथं माझ्यातला कारकून जागा झाला. मी त्रैराशिक मांडलं. स्फटिक बदलला असता तर आठ तासांचे सुमारे आठ तास एक्केचाळीस मिनिटं झाले असते. आपले झालेत दहा तास एकोणतीस. म्हणजे प्रत्येक सेकंद १.३१ सेकंदांचा झालाय. "एक सेकंदाला तू काय मोजतोस?" मी विचारलं.

भाचा म्हणाला, टायमर सेकंदाला दहा लाख मोजतो, पण त्याच्या वहीत आकडे मावतात ते पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंतच. पुढचा ठोका पडला की वही शून्यावर येते आणि टायमर हाक मारतो. आपल्याला हाक हवी पन्नास हजार ठोक्यांनी. अशा वीस हाका म्हणजे एक सेकंद. म्हणून वही शून्यापासून सुरू करायची नाही. सुरुवातीलाच १५,५३६ लिहून ठेवायचे, की वही भरायला बरोबर पन्नास हजार उरतात.

"आणि पहिली वही भरल्यावर दुसरीत काय लिहिलंस?"

भाचा माझ्याकडे बघत राहिला. दुसरीत त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. पहिली वही पन्नास हजारांत भरली. पुढच्या सगळ्या शून्यापासून, म्हणजे ६५,५३६ ठोक्यांत. भागाकार करून बघा, १.३१ येतात. सुरुवातीची शिल्लक दर वेळी नव्यानं मांडायची असते, हे शाळेतल्या पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यात असतं. डिप्लोमाला तो धडा नसावा. एक ओळ घातल्यावर भोंगा तीनला होऊ लागला, आणि शेठ एक मोठा शोध हातचा गेल्यासारखे उदास झाले.

इथवरचं सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं तसं गेलं नाही.

पिक मोजायला मागाच्या फिरत्या दांड्यावर एक लोहचुंबक लावलं होतं आणि समोर एक रीड स्विच. दांडा एकदा फिरला की एक पिक. चुंबक समोरून गेलं की स्विच मिटतो आणि चिपेच्या बाराव्या पायाला हाक जाते. हाक आली की चिपेनं हातातलं काम जिथल्या तिथं ठेवायचं, कुठं होतो ते टिपून घ्यायचं, पिकाचा आकडा एकानं वाढवायचा आणि परत कामाला लागायचं. हाक घ्यायला परवानगी दुहेरी लागते : त्या हाकेची स्वतंत्र आणि सगळ्या हाकांची मिळून एक, जोडखात्याला दोन सह्या लागतात तशी. आणि हाक आल्यावर फार वेळ बोलत बसायचं नाही. प्रत्येक हाकेसाठी चिपेच्या स्मृतीत आठ बाईटचीच जागा राखलेली. लांब काम असेल तर तिथं नुसता दुसरीकडचा पत्ता ठेवायचा. तरीही नियम हाच, की टिपून घ्या आणि निघा. नको त्या हाकांनी काय होतं हे चंद्राच्या वाटेवरही दिसलं होतं. १९६९ च्या जुलैत 'अपोलो ११' चं यान चंद्रावर उतरत असताना, त्या घडीला नको असलेल्या एका रडारच्या सततच्या टोचणीत संगणकाचा वेळ खर्ची पडत होता. तो 'बाराशे दोन', 'बाराशे दोन' असा ओरडू लागला. पण बिनमहत्त्वाची कामं टाकून देऊन उतरण्याचं काम त्यानं चालू ठेवलं. आमच्या बँकेत बहुधा उलट क्रम लागला असता.

पेटी सुरू केल्या केल्या पहिल्या पिकालाच आकडा हजारोंनी पळाला. हाक दोन तऱ्हांनी ऐकता येते. एक, बेल दाबल्याचा क्षण तेवढा धरायचा. दुसरी, बेल दाबून धरली आहे तोवर पुन्हा पुन्हा ओ द्यायची. या चिपेला काही सांगितलं नाही तर ती दुसरी तऱ्हा धरते. चुंबक समोर असेतो ती मोजतच राहिली. माग थांबला तेव्हा चुंबक नेमकं स्विचसमोर आलं, आणि विणकर चहा पिऊन येईपर्यंत पेटीनं सगळ्या सोलापूरला पुरतील इतके टॉवेल विणले. सगळे पोट धरून हसले. भाच्यानं एक बिट बदलला आणि आकडा माणसांत आला.

इतका माणसांत आला, की शेठना तो पटला. दुसऱ्या दिवशी पाळीअखेर पेटी म्हणाली साठ हजार पिक, म्हणजे चोवीस टॉवेल. मागावर टॉवेल निघाले एकोणीस.

"पाच टॉवेल कुठं गेले?" शेठनी विचारलं.

त्या मागावर अण्णा होता. पन्नाशी उलटलेला, तेलुगू घरचा, सोलापुरी मराठी बोलणारा. टॉवेल उतरला की मागाच्या लोखंडी चौकटीवर खडूची एक रेघ ओढायची त्याची सवय. त्यानं रेघा दाखवल्या. एकोणीस होत्या. शेठनी पेटीकडे बोट केलं. पेटीत लाल आकडे झळकत होते, आणि खडूपेक्षा लाल आकडा केव्हाही जास्त शिकलेला दिसतो.

"पंचवीस वर्षं झालं मागावर हाय शेठ," अण्णा म्हणाला. "मी टॉवेल चोरलो असं वाटालंय का तुमाला?"

शेठ काही बोलले नाहीत. 'नाही' सुद्धा म्हणाले नाहीत.

पेटी हजारोंनी चुकत होती तेव्हा कुणीही अण्णाकडे संशयानं बघितलं नव्हतं. बँकेतही हेच. मशीननं एखाद्या खात्यावर चुकून दहा कोटी दाखवले, तर सगळी शाखा हसते आणि मशीनच्या माणसाला फोन लावते. कॅशमध्ये पाचशेची एक नोट कमी आली, की कुणी हसत नाही. सगळे कॅशियरच्या खिशाकडे बघतात. मोठ्या चुकीला आपलं तोंड लपवता येत नाही. पटण्याजोगी चूक मात्र सभ्य कपडे घालून येते आणि एखाद्या माणसाच्या मानगुटीवर बसते. भाचा त्या रात्री जेवला नाही. ऑर्डर जाईल याचं त्याला वाटत होतंच. पण आपल्या पेटीनं एका माणसाला चोर म्हटलं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

रात्री तो शेडवर गेला. मीही गेलो; जामीनदाराला घरी बसवत नाही. त्यानं चिपेच्या एका मोकळ्या पायाला दिवा जोडला आणि प्रत्येक हाकेला तो पाय उलटापालटा करायला सांगितलं. म्हणजे हाक आली की पेटता दिवा विझणार, विझलेला पेटणार. हातानं चुंबक एकदा फिरवलं, दिवा पेटला. पुन्हा फिरवलं, विझला. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा तो लुकलुकला आणि जागच्या जागी राहिला. एका फेरीत दोन हाका. मग त्यानं जुन्या बाजारातून आणलेला ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर एका फेरीची एक सरळ पायरी दिसायला हवी होती. दिसली ती मागाच्या फणीसारखी, दात असलेली. स्विचची पाती एकमेकींवर आदळली की एकदम गप्प बसत नाहीत. दार जोरात लावलं की जसं दोनदा आपटतं, तशा हजारांश सेकंदात थरथरतात. आपल्याला तो एक खटका. चिपेला त्या तीन-चार हाका. दर चार पिकांतला साधारण एक पिक पेटी दोनदा मोजत होती.

औषध सोपं होतं. मिनिटाला सव्वाशे पिक म्हणजे दोन पिकांत चारशे ऐंशी हजारांश सेकंदांचं अंतर. एक हाक घेतली की पुढचे दोनशे हजारांश दार बंद. त्या वेळात येईल तो थरकाप समजायचा, पिक नव्हे. वेळ बघायला टायमर होताच, सुधारलेला. दुसऱ्या दिवशी पेटी आणि खडू जवळजवळ जुळले. पाच टॉवेल जिथं गेले होते तिथून परत आले.

जवळजवळ म्हणायचं कारण, पाळीअखेर दोन-अडीचशे पिक तरी जास्तच येत. भाचा पुन्हा दिवा लावून बसला. तेव्हा अण्णानं माळ्यावरून गियरचा एक जुना मोजणी-काटा काढून आणला, तेल घातलं आणि दांड्याला लावला.

"धागा तुटला की माग उलटा घेतो मी," तो म्हणाला. "चार-पाच पिक मागं. मग धागा बांधून परत पुढं. हा काटा मागं गेला की मागं जातो. तुमची पेटी मागं गेलं तरी पुढंच मोजाली की!"

पंधरा वर्षं शिकलेला भाचा आणि वीस वर्षं बँकेत बसलेला मी, दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. टॉवेलच्या विणीत तर हे मागं-पुढं करणं फार जपून करावं लागतं. तिथं दोन पिक थोडे दूर ठेवून तिसऱ्याला फणीनं तिन्ही एकदम ठोकतात, तेव्हा कुठं टॉवेलवरची ती मऊ कडी उठते. हे ज्ञान कुठल्याही चिपेच्या पुस्तकात नसतं. भाच्यानं शेजारी दुसरा स्विच लावला. पहिल्यानं हाक मारली की चिपेनं दुसऱ्याकडे फक्त नजर टाकायची : तो मिटलेला असेल तर माग पुढं, उघडा असेल तर मागं. बेरजेच्या यंत्राला वजाबाकी अण्णानं शिकवली.

शेवटचं दुखणं विजेचं. वीज गेली की चिपेला आणखी एक हाक जाई : 'आता काही क्षण उरलेत, आकडा लिहून ठेव.' वीज गेली तरी न विसरणाऱ्या एका वेगळ्या चिपेत तो लिहायचा. तरी वीज येऊन-जाऊन झाली की पेटी आणि काटा यांचं फाटे. फरक मी वहीत उतरवले : ७६८, १,२८०, २,०४८. बँकेत फरक आला की आम्ही आधी त्याला नवानं भागून बघतो. भाग गेला तर कुणीतरी ६३ चे ३६ लिहिलेत असं समजायचं. यांतल्या एकालाही नवानं भाग जाईना. मी वही भाच्यापुढे सरकवली. त्यानं एकदाच बघितलं आणि ओरडला, "मामा, सगळे दोनशे छप्पन्नच्या पटीत!"

दोनशे छप्पन्न हा त्यांच्या धंद्यातला नऊ आहे. चिपेच्या एका घरात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो, म्हणून मोठा आकडा दोन घरांत ठेवतात. एकेक घर लिहायला काही हजारांश सेकंद लागतात, आणि चिपेच्या मागे जो कपॅसिटर होता त्यात श्वास एकाच घरापुरता. खालचं घर नवं लिहिलं जाई, वरचं जुनंच राही. म्हातारा मृत्युपत्र सांगायला बसावा आणि 'घराचा वरचा मजला...' म्हणून प्राण सोडावा, तसं. भाच्यानं मोठा कपॅसिटर बसवला. आता पेटी मृत्युपत्र पुरं करून मगच डोळे मिटते.

शेठनी अण्णाची माफी मागितली नाही. कारखान्यात तशी पद्धत नसते. त्यांनी चहा मागवला, आणि पोऱ्यानं कप आणले तेव्हा पहिला कप स्वतः उचलून अण्णाच्या हातात दिला. मग बाकीच्या मागांसाठी पेट्यांची ऑर्डर दिली. भाच्याचे हप्ते वेळेवर जातात, आणि मी रात्री झोपतो.

भाच्यानं शेडच्या भिंतीवर खडूनं एक यादी लिहून ठेवली आहे. पेटी चुकली की काय तपासायचं, त्याचा क्रम. आधी पाय : तो उभा राहतो का, बसतो का, जाग आली की काय करतो. मग घड्याळ : शिल्लक दर वेळी मांडली का. मग हाक : एका कामाला एकच येते का. मग वीज. यादीत माणूस पाचवा आहे. पुष्कळ कार्यालयांत हीच यादी मी खालून वर वाचली जाताना पाहिली आहे.

परवा त्या कारखान्यात गेलो होतो. अण्णाच्या मागावर पेटीचे लाल आकडे झळकत होते; आणि खाली चौकटीवर खडूच्या रेघाही होत्या, ताज्या.

"अण्णा, आता पेटी बरोबर मोजते की," मी म्हटलं. "रेघा कशाला अजून?"

अण्णानं धोट्यात नवी कांडी बसवली आणि माग सुरू केला.

"पेटी बरोबर हाय सायेब," तो त्या खट्याक्-खट्याकावरून ओरडला. "पण तिला जामीन नको का कुणीतरी?"